देवगिरीस अवश्य उतरावे

छत्रपती संभाजीनगरास जाऊन वेरूळचे कैलास लेणे व घृष्णेश्वर पाहून परतावे, हा आमच्या प्रवासी मंडळींचा परिपाठ होय. वाटेवरील देवगिरी मोटारीतूनच पाहिला जातो. वाचकहो, तेथे अवश्य उतरावे. तासलेला कडा, भोवती खंदक, वर जाण्यास अंधारी भुयारी वाट. असा हा दुर्ग १२९६ साली अल्लाउद्दिनापुढे नमला. धान्य समजून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे जुने इतिहासकार सांगतात. वडीलधाऱ्यांस चढण झेपणार नाही; त्यांनी पायथ्याशीच विसावावे. मुलांस मात्र वर नेऊन ही कथा सांगावी. कडा कितीही उंच असो, कोठार स्वतः पाहिल्यावाचून घरधन्याने निर्धास्त होऊ नये, हे त्यांस तेथेच उमगेल.