पेटीविषयीचे काही प्रवाद

ज्या वाद्यावाचून भजनाचा फड किंवा ख्यालाची बैठक आज कल्पिणेही अवघड, त्या पेटीविषयी जाणत्या रसिकांतही जे प्रवाद रूढ आहेत, त्यांचा खुलासा होणे अगत्याचे आहे.

ती आपल्याकडील पुरातन वाद्य नव्हे. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबें याने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून तो हाताने चालविण्याजोगा मागे बसविला, आणि बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या वादकाची सोय केली. मूळ परकीय असले, तरी आजची घडण एतद्देशीयच आहे.

पांढऱ्या पट्ट्या म्हणजे शुद्ध स्वर आणि काळ्या म्हणजे कोमल, ही समजूत तर शिकाऊ विद्यार्थ्यांत सार्वत्रिक आहे. वस्तुतः षड्ज कोठे धरावा हे गायकाच्या गळ्यावर अवलंबून असते. काळी एक हा षड्ज मानला, तर ऋषभ, मध्यम, पंचम आणि धैवत हे चारही शुद्ध स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात आणि पांढऱ्यांच्या वाट्याला केवळ गांधार व निषाद उरतात.

आकाशवाणीवर पेटीला मज्जाव करणारा हुकूम बाळकृष्ण केसकर यांच्या माथी मारला जातो. केसकर 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हुकूम मात्र 1940 चा, म्हणजे इंग्रजी अमलातला. त्यांच्या कारकिर्दीत तो चालू राहिला हे खरे, आणि 1971 पर्यंत तो शिथिल झाला नाही. तथापि त्याचे जनकत्व त्यांच्याकडे जात नाही.

पेटी केवळ साथीपुरती, असे म्हणणाऱ्यांनी गोविंदराव टेंबे यांच्या स्वतंत्र वादनाची कीर्ती आठवावी.

आता राहिला खरा आक्षेप. पेटीवर मींड निघत नाही, हे निर्विवाद आहे. पण तिचे स्वर सर्वस्वी बेसूर असतात, ही फिर्याद अतिरंजित होय. सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे पंचम नैसर्गिक स्थानापासून जेमतेम 2 सेंट (सेंट म्हणजे त्या बारापैकी एका भागाचा शंभरावा अंश) ढळतो, गांधार मात्र सुमारे 14 सेंट चढा राहतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या गांधाराशी ताडून पाहिले असता तो कानाला खटकतो. यावर इलाजही आहे. पितळी रीडचे टोक खरवडले तर स्वर चढतो, मूळ खरवडले तर उतरतो. याच युक्तीने कुशल कारागीर स्वर नैसर्गिक स्थानी आणून देतात; यालाच गांधार ट्यूनिंग म्हणतात. मात्र अशी पेटी ज्या षड्जासाठी लावली त्याच्याशीच इमान राखते. षड्ज बदलताच तिचे गणित बिघडते. यास्तव शिकाऊ गायकाने आपला गांधार प्रथम तंबोऱ्यावर स्थिर करावा आणि मगच पेटीची साथ घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.