मूठभर माती, पण कुठली?

जिथे जातो तिथली मूठभर माती मी जपून ठेवतो.

महाराष्ट्रातच केवढी विविधता! देशावरची काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झाली. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणातला धो धो पाऊस खडकातली सिलिका वाहून नेतो, लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. म्हणून जांभ्याची माती लाल.

जमवायची कशी? पालापाचोळा सारून वीतभर खालची माती घ्या, शेत असेल तर मालकाला विचारून. सावलीत खडखडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. काचेच्या बाटलीवर गाव, तारीख, खोली लिहा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत मात्र परवानगीशिवाय माती नेता येत नाही.

नोकरीपायी गावं बदलताना ‘आपण नेमके कुठले?’ हा प्रश्न मला फार छळायचा. गोदाकाठचा गाळ हाती घेतला आणि जीव थाऱ्यावर आला. डोंगर सोडून कुठल्या कुठे वाहत आलेली ही माती, तरी पीक तिच्यातच जोमाने येतं. भटकणं आणि रुजणं, दोन्ही एकाच आयुष्यात मावतं.

तुमच्या गावची माती कोणत्या रंगाची? जरूर सांगा.