गढूळ पाण्यातला पाकट

पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. त्यामुळे जे तो खातो, ते खाताना त्याला दिसतच नाही. कोकणातल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा तसा उपयोगही बेताचाच. त्याच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या आत जातात. इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनी याने १६७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्या कशासाठी आहेत, हे उलगडायला मात्र विसावे शतक उजाडले. वाळूत दडलेली कोळंबी किंवा खेकडा नुसता श्वास घेतो, तरी त्याच्याभोवती अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र तयार होते. या नळ्या नेमके तेच टिपतात. मग पाकट त्या जागेवर पसरतो, पाण्याच्या झोताने वाळू उडवतो आणि भक्ष्य ओढून घेतो. मागे खळगा राहतो. गाळ असा सतत वरखाली होत राहिल्याने प्राणवायू त्याच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचतो.

तोंड आणि कल्ले खाली असताना वाळूत पडून राहायचे, तर श्वास कसा घ्यायचा? डोळ्यांच्या मागेच दोन भोके असतात. स्वच्छ पाणी तिथून आत येते आणि कल्ल्यांवरून खाली बाहेर पडते. अंगावर वाळू ओढून बसलेल्या पाकटाची हीच दोन भोके आणि डोळे तेवढे उघडे असतात.

अरबी समुद्रात आढळणारी एक जात म्हणजे पॅस्टिनॅकस सेफेन. तिच्या जाड शेपटीच्या खाली रुंद, काळपट झालर असते, त्यावरून ती ओळखू येते. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन पेटर फोर्स्कोलचे. डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेत १७६३ मध्ये येमेनमध्ये तो वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर मुंबईला पोहोचला, त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली आणि पुढे १७७५ मध्ये फोर्स्कोलच्या टिपणांचे पुस्तक छापून घेतले.

या जातीच्या अगदी जवळच्या पाकटांचा ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये अभ्यास झाला आहे. पाणी नितळ असेल तर ते एकेकटे विसावतात. गढूळ झाले की जवळ येतात, डोकी आत आणि शेपट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर. धोक्याची चाहूल आधी लागणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पाकटांशेजारी बसणे ते पसंत करतात. तळाशी निपचित पडलेला म्हणून या माशाला मंद समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

शेपटीवरचा काटा भक्ष्य मारण्यासाठी नसतो. तो दातासारख्या कठीण द्रव्याचा आणि करवतीसारखा उलट्या दात्यांचा असतो. त्याच्या खोबणींत विषारी ऊती असते. पाय पडला किंवा जाळ्यात कोंडी झाली, तरच तो उगारला जातो. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे. पाकट आपणहून दूर होतो. हातापायाला काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवावा. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निष्प्रभ होते, वेदना उतरतात. जखम डॉक्टरला दाखवायलाच हवी. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल, तर तो उपसू नये.

माणसाला पाकटापासून असलेल्या धोक्याची चर्चा फार होते. पाकटाला असलेल्या धोक्याची जवळजवळ नाहीच. तो अंडी घालत नाही. पिल्ले आईच्या गर्भाशयात वाढतात आणि तिथल्या भिंतींतून पाझरणाऱ्या दुधासारख्या पौष्टिक द्रवावर पोसतात. एका खेपेला मोजकीच पिल्ले होतात. बांगडा किंवा तारली लाखोंनी नाही, तरी हजारोंनी अंडी टाकते; जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तिला भरून काढायला वाव मिळतो. पाकटाचे नुकसान एवढ्या अवधीत भरून निघणे शक्य नाही. तळ खरवडत जाणारे ट्रॉलचे जाळे त्याच्याच घरावरून फिरते. शिवाय गाभण मादी जाळ्यात सापडली की त्या धक्क्याने अनेकदा डेकवरच विते. अपुऱ्या दिवसांची ती पिल्ले सहसा जगत नाहीत, मग आईला पाण्यात सोडून दिले तरीही.