पुढच्या हंगामात कोणती ॲनिमे मालिका पाहावी?

जपानी दूरचित्रवाणीवर ॲनिमे मालिकांचा हंगाम वर्षातून चार वेळा बदलतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या मालिका सुरू होतात आणि साधारण १३ आठवड्यांनी संपतात. आठवड्याला एक भाग, आणि जाहिराती वगळल्या तर भाग २३-२४ मिनिटांचा. त्यामुळे एका हंगामाची मालिका बहुधा १२ किंवा १३ भागांची असते. काही मालिका सलग दोन हंगाम चालतात, तर काही पहिला अर्धा भाग संपवून मध्ये एक-दोन हंगामांची विश्रांती घेतात. दर हंगामात पन्नासहून अधिक मालिका दाखल होतात. १२ भागांची एक मालिका पाहायला पाच तासांहून थोडा कमी वेळ लागतो. पन्नास मालिका पाहायच्या म्हटल्या तर आठवड्याला १९ तासांहून जास्त वेळ द्यावा लागेल. शिकणाऱ्या किंवा कामाला जाणाऱ्या माणसाला ते शक्य नाही, म्हणून निवड अटळ ठरते.

मराठी प्रेक्षकाला ही निवड अलीकडेच करावी लागू लागली. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘जंगल बुक’ ही मुळात निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची ५२ भागांची जपानी मालिका होती. तिच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, पण आपण जपानी मालिका पाहतो आहोत हे पाहणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यानंतर कार्टून वाहिन्यांवर ‘पोकेमॉन’, ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चान’ हिंदीत आले. डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ सुरू झाली. बेसबॉलवरच्या १९६० च्या दशकातील एका गाजलेल्या जपानी कथेत बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले आणि नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा झाला. या सगळ्या काळात काय पाहायचे हे वाहिनी ठरवत असे. स्ट्रीमिंग सेवांमुळे टोकियोत प्रसारित झालेला भाग त्याच दिवशी मोबाइलवर येऊ लागला आणि ठरवण्याचे काम प्रेक्षकाकडे आले.

यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना लागणारे कळंब हे चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे तालुक्याचे गाव आहे. अशा गावातल्या विद्यार्थ्याने निवडीची सुरुवात मालिकांच्या यादीपासून करू नये. आधी स्वतःचे वर्ष समोर ठेवावे. जानेवारीचा हंगाम थेट बारावी आणि दहावीच्या परीक्षांवर येऊन आदळतो. पाचवा-सहावा भाग येतो तेव्हा बारावीचे पेपर सुरू झालेले असतात, आणि पुढच्या आठवड्यात काय होणार या ओढीने अभ्यासावरचे लक्ष हटते. परीक्षार्थीने या हंगामातले काहीही आठवड्यागणिक पाहू नये. नावे टिपून ठेवावीत आणि मालिका एप्रिलमध्ये सलग पाहाव्यात. एप्रिलचा हंगाम मात्र विदर्भासाठीच आखल्यासारखा आहे. उन्हामुळे इथल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि एप्रिलच्या मालिकाही नेमक्या तेव्हाच संपतात. २४ भागांची मोठी मालिका हाती घ्यायची असेल तर तिची सुरुवात याच हंगामात करावी.

जुलैत पेरणी उरकलेली असते, पण डवरणी आणि निंदण चालू असते. घरची शेती असलेल्या मुलाला दिवसा वेळ नसतो, संध्याकाळ मात्र त्याची असते. ऑक्टोबरच्या हंगामात दसरा, दिवाळी आणि कापसाची वेचणी एकामागून एक येतात. त्यातच रब्बीच्या ओलितासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहावी लागते. जपानी वाहिन्या बहुधा आपल्या सर्वांत मोठ्या मालिका ऑक्टोबरमध्ये आणतात, म्हणून मोह इथेच जास्त असतो. या हंगामात एकच मालिका धरावी.

वेळेचे गणितही जमण्यासारखे आहे. जपानचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असते. बहुतेक प्रौढ ॲनिमे तिकडे मध्यरात्रीच्या आसपास लागतात आणि जपानी वेळापत्रकात ती वेळ २४:३० किंवा २५:०० अशी लिहितात. शनिवारचे २५:०० म्हणजे टोकियोत रविवारची पहाटेची १ वाजताची वेळ. कळंबला तेव्हा शनिवारच्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. अधिकृत स्ट्रीमिंगवर भाग बहुधा त्यानंतर लवकरच येतो. जेवणे आटोपलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असते.

स्वतःचा वेळ ठरला की मालिकांकडे वळावे. पहिला प्रश्न असा, की गोष्ट कुठून आली आहे आणि ती कुठे थांबणार आहे. बहुतेक ॲनिमे एकट्या स्टुडिओच्या पैशाने बनत नाहीत. प्रकाशक, दूरचित्रवाणी कंपनी, संगीत कंपनी, खेळणी किंवा गेम बनवणारी कंपनी, स्ट्रीमिंग सेवा असे अनेक जण मिळून निर्मिती समिती स्थापतात आणि खर्च व नफा वाटून घेतात. स्टुडिओ बहुधा ठरलेल्या रकमेवर काम करून देतो. प्रकाशकाला मुख्यतः मूळ मांगा (जपानी चित्रकथा) किंवा कादंबरी खपवायची असते. १२ भागांत मूळ कथेचे तीन-चार खंड आले आणि प्रेक्षक पुस्तकाकडे वळले, की त्याच्यापुरते काम झाले. कितीतरी मालिका ऐन रंगात आल्यावर थांबतात आणि त्यांचे दुसरे पर्व कधीच येत नाही, याचे कारण हेच आहे. पहिल्याच मालिकेला अशी हुरहूर वाट्याला आली तर नवा प्रेक्षक ॲनिमेकडे पाठ फिरवतो.

त्यामुळे मूळ मांगा पूर्ण झाला आहे का, हे आधी पाहावे. र्योको कुई यांचा ‘डिलिशस इन डंजन’ हा मांगा सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आणि ट्रिगर स्टुडिओची मालिका जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. २४ भागांत कुठेही भरणा करावा लागला नाही. मूळ कथा पूर्ण असली तरी धोका पूर्णपणे टळत नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चे पहिले पर्व २०१९ मध्ये गाजले. मांगा संपल्यावर, २०२१ मध्ये, ११ भागांचे दुसरे पर्व आले. त्यात मांगाचे मोठमोठे भाग गाळून शेवट घाईने गुंडाळला गेला. घोषणेतच भागांची संख्या दिलेली असेल आणि उरलेली कथा तिच्या मानाने फार मोठी असेल, तर सावध व्हावे.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे, आणि निवड सर्वांत जास्त इथेच चुकते. प्रेक्षक स्टुडिओचे नाव पाहतात. मॅडहाउस, मापा, युफोटेबल ही नावे ट्रेलरवर दिसली की मालिका चांगलीच असणार असे धरून चालतात. पण मोठ्या स्टुडिओत एकाच वेळी अनेक गट वेगवेगळ्या मालिकांवर काम करत असतात, आणि कसबी चित्रकारांपैकी कितीतरी जण नोकरीत नसून कामापुरते बोलावलेले असतात. त्यांना बोलावतो तो दिग्दर्शक. ‘वन पंच मॅन’चे २०१५ चे पहिले पर्व मॅडहाउसने केले, पण त्यातली थक्क करणारी हाणामारी दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या शब्दाखातर जमलेल्या कलाकारांची होती. २०१९ चे दुसरे पर्व वेगळ्या स्टुडिओकडे आणि वेगळ्या दिग्दर्शकाकडे गेले आणि त्यात ती झेप उरली नाही. याउलट ‘विनलँड सागा’ २०१९ नंतर विट स्टुडिओकडून मापाकडे गेली, पण दिग्दर्शक शुहेई याबुता कायम राहिले. २०२३ चे दुसरे पर्व पहिल्याइतकेच, किंबहुना जास्त खोल उतरले. ज्या मालिकेचा स्टुडिओ बदलला पण दिग्दर्शक टिकला, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन्ही बदलले असतील तर पहिले तीन भाग पाहिल्यावाचून मत बनवू नये.

दिग्दर्शकासोबत मालिकेची रचना करणाऱ्या लेखकाचे नावही पाहावे. मूळ कथेतला कोणता प्रसंग कोणत्या भागात येईल आणि भाग कुठे संपेल, हे तो ठरवतो. दिग्दर्शकाचे आणि रचनाकाराचे आधीचे काम आवडले असेल, तर नवी मालिका आवडण्याची शक्यता मोठी असते. ट्रेलरपेक्षा हा निकष कितीतरी भरवशाचा आहे. ट्रेलरमध्ये बहुधा पहिल्या भागाची दृश्ये असतात आणि पहिल्या भागावर सर्वांत जास्त वेळ व पैसा खर्च झालेला असतो. जुन्जी इतो यांच्या भयकथेवरची ‘उझुमाकी’ ही चारच भागांची मालिका २०१९ मध्ये जाहीर झाली आणि वारंवार लांबत २०२४ च्या शरदात आली. तिचा पहिला भाग अप्रतिम होता. दुसऱ्या भागात चित्रणाचा दर्जा इतका घसरला की पाहणारे हादरले.

मांगा किंवा कादंबरीचा आधार नसलेल्या स्वतंत्र मालिका कमी निघतात, पण दर हंगामात त्यांच्यातली एक तरी तपासून पाहावी. त्यांचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो आणि कथा बहुधा त्याच पर्वात पूर्ण होते. जानेवारी २०११ मधली ‘माडोका मागिका’ वरकरणी जादूगार मुलींची गोड गोष्ट वाटली. तिसऱ्या भागाच्या शेवटी तिचे खरे, भयाण रूप उघड झाले. नव्या मालिकेला तीन भागांची संधी द्यावी, या प्रेक्षकांतल्या संकेताचे उदाहरण म्हणून आजही तिचेच नाव घेतले जाते. संकेत चांगला आहे, पण तो उलट बाजूनेही पाळावा. तीन भागांनंतर मन लागत नसेल तर मालिका सोडून द्यावी.

जाहीर झालेली तारीख म्हणजे वचन नव्हे, हेही लक्षात ठेवावे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘झॉम १००’चे काम वेळेत होईना, आणि तिचे शेवटचे तीन भाग डिसेंबरात आले. काम करणाऱ्यांवर किती ताण असतो हे अशा विलंबातून दिसते. उशीर झालेला भाग काही वेळा जास्त नीट बनतो, म्हणून प्रेक्षकाने चिडण्यापेक्षा वाट पाहावी.

भाषा, खर्च आणि वय या बाबी थोडक्यात सांगता येतात. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतातील दर ७९ रुपये महिन्यापर्यंत खाली आणले आणि हिंदी डबिंग सुरू केले. पुढे तमिळ व तेलुगूही आले. मराठी प्रेक्षकाला हिंदी डबिंग किंवा इंग्रजी सबटायटल यांपैकी एक निवडावे लागते. हिंदी आवृत्ती बहुधा काही आठवडे मागे असते. यूट्यूबवर म्यूज इंडियाच्या अधिकृत वाहिनीवर काही मालिका विनामूल्य असतात. एकाच हंगामातल्या मालिका अनेक सेवांत विखुरलेल्या असतात, म्हणून एका महिन्याला एकच सेवा घ्यावी आणि तिच्यावर असलेल्यांतूनच निवड करावी. चोरटी संकेतस्थळे टाळावीत. तिथल्या पाहण्याचा एक पैसाही निर्मात्यांपर्यंत पोहोचत नाही. घरात टीव्ही समोरच्या खोलीत असतो आणि लहान भावंडे सोबत बसतात, तेव्हा वयाची खूण पाहणे आवश्यक ठरते. २०२१ च्या नियमांनुसार भारतातील स्ट्रीमिंग सेवांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते. चित्रे आहेत म्हणून मालिका मुलांची, असे समजू नये. ‘विनलँड सागा’ मुलांसाठी नाही.

प्रवासातला वेळही कामी येतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब ही रेल्वे सुरू झाली. गाडीने किंवा एसटीने शिकायला जाणाऱ्याने भाग रात्री डाउनलोड करून ठेवावेत. एका फेरीत एक भाग सहज होतो.

सरतेशेवटी, ऑक्टोबर सोडून इतर हंगामांत चालू मालिका जास्तीत जास्त दोनच ठेवाव्यात: मूळ कथेची किंवा दिग्दर्शकाची खात्री असलेली एक आणि अनोळखी एक. नव्या यादीत दोन सापडल्या नाहीत तर त्या जागी जुनी मालिका घेण्यात कसलाही कमीपणा नाही. हिरोमु अराकावा या होक्काइदोच्या दुग्धव्यवसायी शेतकरी घरातल्या मांगाकार. त्यांच्या मांगावरची ‘सिल्व्हर स्पून’ जुलै २०१३ आणि जानेवारी २०१४ अशा दोन पर्वांत आली. शहरातला एक मुलगा कृषी विद्यालयात दाखल होतो, पिलू असल्यापासून सांभाळलेले डुक्कर कत्तलीला जाताना पाहतो, आणि कर्जापायी ज्याचा गोठा मोडला अशा मित्राला बेसबॉल सोडताना पाहतो. ऋण, पीक आणि घर सोडावे की राहावे हा प्रश्न, या तिन्ही गोष्टी यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दोन पर्वे मिळून २२ भाग आहेत. जुलैच्या हंगामात नवे काही मनाजोगे न मिळाल्यास कळंबच्या प्रेक्षकाने हीच मालिका आधी लावावी.