ताम्रपटांवरील कळंक व त्याचें मापन

जुना ताम्रपट हातीं आला म्हणजे तो चिंचेनें घांसून लख्ख करावा व मग वाचावयास घ्यावा, अशी पुष्कळांची रीत आहे. ही रीत घातक आहे असें आमचें मत असून, तांबें झिजतें कसें हें कळल्यावांचून त्याचें कारण ध्यानांत यावयाचें नाहीं. सबब तो विषय येथें थोडक्यांत मांडतों.

तांब्याचा क्षय ही विद्युत्क्रिया होय. पत्रा ओलसर झाला म्हणजे कांहीं ठिकाणीं तांबें आपले इलेक्ट्रॉन मागें ठेवून विरघळतें. ते इलेक्ट्रॉन धातूंतून दुसऱ्या ठिकाणीं जातात व तेथें हवेंतील प्राणवायु त्यांस ग्रहण करतो. ओलाव्यांतील क्षार हें वर्तुळ पुरें करतात. म्हणजे ओला ताम्रपट हा असंख्य सूक्ष्म विद्युत्घटांचा समुदायच होय.

परंतु सर्व कळंक सारखा नव्हे. गर्द हिरवा, घट्ट व गुळगुळीत थर बहुधा तांब्याच्या कार्बोनेटाचा असून त्याखालीं तांबूस ऑक्साइड असतें. हे थर धातूचें रक्षण करतात, आणि कोरीव अक्षरांचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदां त्यांतच टिकून राहिलेला असतो. चिंचेचें आम्ल नेमका तोच विरघळवितें. याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी ही रोगाची खूण समजावी. खाऱ्या जमिनींत पुरलेल्या पत्र्यांत धातूलगत क्युप्रस क्लोराइड सांचतें. त्यास ओलावा व प्राणवायु मिळतांच ही भुकटी तयार होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतें. तें पुन्हां तांबें खातें व नवें क्लोराइड बनवितें. येणेंप्रमाणें चक्र चालू राहतें.

क्षय हा विद्युत्प्रवाह असल्यामुळें तो मोजतां येतो. किती विद्युत् वाहिली असतां किती धातु विरघळतो, याचे नियम मायकेल फॅरडे यानें इ. स. १८३३-३४ त प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें गणित केल्यास, तांबें क्युप्रस रूपानें विरघळत असतां दर चौरस सेंटिमीटरास अँपियरचा एक दशलक्षांश प्रवाह सतत चालला, तर वर्षांत सुमारें ०.०२३ मिलिमीटर धातु जातो. अर्धा मिलिमीटर जावयास सुमारें २२ वर्षें पुरतात.

अडचण ही कीं, हा प्रवाह पत्र्याच्या आंतल्या आंत फिरत असल्यामुळें बाहेरून थेट दिसत नाहीं. यास्तव तशाच धातूचा तुकडा क्षारद्रवांत ठेवून त्याचा स्वाभाविक विद्युद्दाब सुमारें १० मिलिव्होल्टनें सरकवितात, व त्यास किती प्रवाह लागतो तें पाहतात. प्रवाह जितका अल्प, तितका क्षय मंद. या रीतीचें गणित स्टर्न व गीअरी यांनीं १९५७ त मांडलें. प्रयोग अर्थात् नमुन्यावर करावयाचा, मूळ पटावर नव्हे.

संग्राहकांनीं यावरून घ्यावयाचा बोध असा. ओलावा तोडला कीं वर्तुळ तुटतें. म्हणून रोगट पट हवाबंद पेटींत सिलिका जेल घालून, हवेची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खालीं राहील असा ठेवावा. कोंकणच्या पावसाळ्यांत तर यास पर्याय नाहीं. अशा पटाचा ओल्या कागदानें ठसा घेऊं नये. तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें. पुटकुळ्यांच्या जागा टिपून ठेवून दर महिन्यास ताडून पाहाव्या, व नवी भुकटी दिसतांच पट जाणत्या रसायनज्ञाकडे सोंपवावा. बहुतेक दानपटांची दुसरी प्रत नसते. एक ओळ झिजली तर दात्याचें नांव किंवा गांवाच्या चतुःसीमा कायमच्या गेल्या असें समजावें.