गावाचा ताळेबंद आणि गावातला मुक्काम

कवठे येमाई हे नाव तमाशाच्या जाणकारांना परकं नाही. वग आणि लावण्या लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर इथले. त्यांच्या लेखनावर उद्या कुणी प्रबंध करायचा म्हटला, तर आधी ठरवावं लागेल: केस स्टडी करायची की एथ्नोग्राफी? दोन्ही पद्धती गुणात्मक, दोन्हींत मुलाखती, म्हणून पुष्कळ जण त्यांची सरमिसळ करतात.

केस स्टडीला कुंपण लागतं. एक गाव, एक फड, एक हंगाम. आणि प्रश्न बहुधा आधीच हातात. ('व्यक्ती अध्ययन' हा आपला रूढ शब्द इथे फसवतो; ही 'व्यक्ती' म्हणजे अख्खं गावही असू शकतं.) याचा जुना नमुना पुणे जिल्ह्यातच सापडतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला आणि १९२१ साली एन. व्ही. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा. शेतावर कुटुंब जगतं का, हा त्यांचा प्रश्न. पिंपळ्यात १७७१ साली सरासरी ४० एकरांची असलेली जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. आकडे आले म्हणून केस स्टडी बाटत नाही; कागद, मोजणी, मुलाखत, सगळं तिला चालतं. मात्र जत्रेसाठी काढलेलं कर्ज त्या घराला ओझं वाटतं की मान, हे ताळेबंदातून कळत नाही.

त्यासाठी मुक्काम हवा. मॅन जमीन मोजत होते त्याच काळात मॅलिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून तिथली भाषा शिकत होते. आपल्याकडे मूळचे कायद्याचे अभ्यासक असलेले गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये वावरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. म्हाळसा-बाणाईच्या जोडीत त्यांना गाव आणि रान यांचं नातं दिसलं. अशा कामात प्रश्न लोकांकडून येतो, आणि वाटेत बदलतोही.

मोमीन कवठेकरांच्या वह्या, फडमालकांच्या आठवणी, नारायणगावच्या राहुट्यांतल्या सुपाऱ्या एवढ्यावर चोख केस स्टडी उभी राहील. पण वग कागदावर पुरा नसतो. सोंगाड्या समोरचं गाव बघून बतावणी फिरवतो. कुठलं वाक्य कुठल्या गावात गाळलं, हे फडाबरोबर हंगाम काढणाऱ्यालाच कळेल. सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा असेल, तर माझ्या मते केस स्टडीच करावी. तीन फेऱ्यांना एथ्नोग्राफी म्हणू नये.

आणखी एक अडचण दोघींनाही चुकत नाही. प्रबंधात नाव बदललं तरी 'तो ढोलकीवाला' कोण, हे गावात पारावर बसलेला कुणीही सांगेल. म्हणून छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवायला पुन्हा गावी जावं लागतं, आणि त्याने नको म्हटलेलं गाळावं लागतं.