वस्तीची गाडी

बस उशिरा आली की आपण वाहकाला बोलतो, आलीच नाही की सरकारला बोलतो, आणि वेळेवर आली तर कुणाला काहीच बोलत नाही. बसविषयीचे आपले सगळे बोलणे थांब्यावर होते आणि गाडी आली की ते थांब्यावरच राहते. आगारातल्या ज्या टेबलावर वेळापत्रक ठरते, तिथवर ते जात नाही. प्रवाशाचे म्हणणे तिथे जावे कसे आणि गेल्यावर त्याचे काय व्हावे, याचा विचार आपण फारसा करत नाही.

१ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. पुढच्या काही दशकांत ती खेड्यापाड्यांत गेली, ती केवळ वरच्या आदेशाने नव्हे. कितीतरी गावांनी श्रमदान करून रस्त्यावर मुरूम टाकला, वळणावरच्या बाभळी तोडल्या, गाडी वळवता यावी म्हणून पारापुढची जागा मोकळी ठेवली. पहिली गाडी आली तेव्हा नारळ फुटला, सुवासिनींनी चालकाला ओवाळले. शहरातल्या माणसाला याचे हसू येईल. पण ज्या गावाने रस्त्यासाठी घाम गाळला होता, त्याला ती गाडी आपलीच वाटणार.

या नात्याचा उत्तम नमुना म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन ती गावात येई, रात्री तिथेच मुक्काम करी आणि पहाटे तालुक्याला निघे. चालक-वाहक देवळात, चावडीत नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथारी टाकत. पाणी गाव देई, कुणाच्या घरून भाकरी-कालवण येई. त्या बदल्यात गावाला पहाटेची गाडी हमखास मिळे. तिच्यातून दूध जाई, भाजी जाई, दवाखान्यात निघालेली बाळंतीण जाई. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे डबेही एसटीनेच जात. आईने गावात दिलेला डबा मुलाच्या हाती स्टँडवर पडे. बँकेच्या नोकरीत मी मुद्रांकावरचे, जामीनदारांच्या सह्यांचे पुष्कळ करार मोडताना पाहिले. हा न लिहिलेला करार मात्र कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षे पाळला गेला, कारण तो मोडला तर दोघांचीही अडचण होती.

पण सगळेच प्रश्न आपुलकीने सुटत नाहीत. काहींना वही आणि पेन्सिल लागते.

१९८६ साली मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी शाखेत होतो. दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावातून मुली हायस्कूलला येत. शाळा अकराची आणि गाडी सव्वाअकराला पोचणारी. सकाळचे एक वेळ चालून जाई. खरी अडचण संध्याकाळची होती. शाळा पाचला सुटे आणि परतीची गाडी पावणेसातला. थंडीच्या दिवसांत मुली घरी पोचेपर्यंत मिट्ट काळोख. दोन घरांनी मुलींची शाळा थांबवली. ‘एसटीचे काही खरे नाही’ यापलीकडे गावाकडे बोलायला शब्द नव्हते.

मुख्याध्यापकांनी शंभर पानी वही घेतली आणि एक आठवडा प्रत्येक फेरीला किती माणसे चढली-उतरली हे मुलांकडून लिहून घेतले. ती वही घेऊन ते, सरपंच आणि दूध संस्थेचे सचिव आगार व्यवस्थापकांकडे गेले. गावातले बरेच जण आमच्या शाखेचे खातेदार, म्हणून मलाही बरोबर नेले. वाहतूक नियंत्रकाने आपले रजिस्टर उघडले तेव्हा आम्हाला प्रथमच कळले, की सकाळची ती गाडी आधी दुसऱ्या गावाहून साखर कारखान्याचे कामगार घेऊन येते. ती अलीकडे ओढली तर त्यांची पाळी चुकते. शिवाय चालक-वाहकांच्या कामाचे तास ठरलेले. एक फेरी हलवली की मागच्या-पुढच्या तीन हलतात. हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि मुली शाळा सोडताहेत हे आगाराला ठाऊक नव्हते.

वहीतून निघाले ते असे, की दुपारी दोनची फेरी सात-आठ माणसांवर धावते. गावानेच सुचवले, ही बंद करा आणि सव्वापाचला द्या. त्यावर दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसे रागावली. म्हणून बाजारच्या दिवशी ती दुपारची फेरी कायम राहिली. सकाळची गाडी काही हलली नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळाच साडेअकराला भरवली. या सगळ्याला तीन महिने लागले. पुढच्या जूनमध्ये त्या दोन्ही मुली पुन्हा वर्गात बसल्या.

त्या बैठकीत कुणी भाषण केले नाही आणि मोर्चाही काढला नाही. प्रवाशांनी आकडे दिले, आगाराने आपली अडचण उघडी केली आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडले. लोकसहभाग हा शब्द आता भाषणांतून इतका झिजला आहे, की त्याचा एवढा साधा अर्थ आपण विसरतो.

ही कल्पना नवीही नाही. १९५०च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्यातच सल्लागार मंडळे नेमण्याची तरतूद आहे. बँकांतही ग्राहकसेवेसाठी १९७५मध्ये तलवार समिती नेमली गेली आणि १९९०मध्ये गोईपोरिया समिती. आमच्या एका शाखेत सूचनापेटी दिमाखात टांगलेली होती; तिची किल्ली कुणाकडे आहे हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. पेटी लावणे सोपे असते. ती दर आठवड्याला उघडणे आणि चिठ्ठी टाकणाऱ्याला ‘हे होईल’ किंवा ‘हे या कारणाने होणार नाही’ असे लेखी कळवणे, हे खरे काम. उत्तर नकाराचे असले तरी माणूस पुन्हा लिहितो. उत्तरच आले नाही तर तो लिहिणे सोडतो आणि पुढे कर्ज काढून दुचाकी घेतो.

एसटीने जुलै २०२४मध्ये ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. अधिकाऱ्यांनी आगारात येऊन प्रवाशांचे ऐकायचे, अशी त्यामागची कल्पना. तिचे मोल ठरेल ते किती तक्रारी आल्या यावर नव्हे, किती उत्तरे गेली यावर.

शहरात हे काम अधिक अवघड. तिथे पार नाही, चावडी नाही आणि थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. पुण्यात २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली. दोन महापालिकांच्या सेवा एक झाल्या. पण प्रवाशाने आपले गाऱ्हाणे कोणत्या पारावर मांडायचे, हा प्रश्न उरलाच. तिथे ‘पीएमपी प्रवासी मंच’ आणि मुंबईत ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ अशा नागरिकांच्या गटांनी हे काम अंगावर घेतले. भाडे, फेऱ्या, गाड्यांची संख्या यांविषयी ते सतत विचारत राहिले. बेस्टने जुलै २०१९मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले. मे २०२५मध्ये तेच भाडे १० रुपये झाले. असे निर्णय ज्यांच्या खिशाला लागतात, त्यांच्याशी आधी बोलणे होते का, हा प्रश्न पक्षाचा नाही, घरखर्चाचा आहे.

मार्च २०२३पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळाली. चांगलेच झाले. पण सवलत राजधानीत जाहीर करता येते. गाडी साडेपाचला हवी की पावणेसातला, हे मंत्रालयातून दिसत नाही. ते थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीलाच दिसते. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत कर्मचाऱ्यांच्या संपाने एसटी विस्कळीत झाली, तेव्हा गाडी नसली की कुणाकुणाचे काय थांबते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. एकेक फेरी वेळेच्या घोळाने रिकामी पडून बंद होते तेव्हाही तेच थांबते. फक्त त्याची बातमी होत नाही.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या थांब्यावरची एक फेरी निवडा. आठवडाभर ती किती वाजता आली आणि किती माणसे चढली, हे लिहा. शाळेच्या मुख्याध्यापिका, कोपऱ्यावरचा दुकानदार, रोज दवाखान्यात जाणारे आजोबा यांना विचारा. मग एका पानाचे पत्र करून पाच-सहा जणांनी आगारात न्या. तक्रार सांगा, त्याबरोबर आपण काय सोडायला तयार आहोत तेही सांगा. पोच घ्या, आणि महिन्याने उत्तर मागायला पुन्हा जा. तिथल्या नियंत्रकाला त्याची अडचणही विचारा. आजवर ती त्याला कुणी विचारलेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे.